मयताचे काम आणि रक्तातून लागणारे रोग : सभासदांनी घ्यावयाची काळजी



लागण, खत, पाणी, ऊसदर हे विषय या पानांवर नेहमीच असतात. आजचा विषय तसा नावडता. चार माणसांत बसून त्याचे नावही कोणी काढीत नाही. पण गावात मयत झाली की तासाभरात कोणी कळक तोडायला धावतो, कोणी पाणी तापवतो, कोणी मयताला उचलून दारात घेतो. शहरात या कामाला पगारी माणसे मिळतात. आपल्याकडे ते भाऊबंद आणि शेजारीपाजारीच करतात. जे थोडे राहते ते ग्रामीण रुग्णालयातल्या पोस्टमार्टेमच्या खोलीतला सफाई कामगार, वैकुंठरथाचा ड्रायव्हर आणि स्मशानभूमीतला माणूस यांच्या वाट्याला येते. यातल्या कोणालाही काम करता करता रक्तातून रोग लागू शकतो. तो कसा लागतो आणि कसा टाळता येतो, एवढेच इथे सांगायचे आहे.

आधी भीतीचे बोलू. माणूस मेला म्हणजे त्याचे प्रेत आपोआप रोग पसरवू लागते, ही समजूत खरी नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला. हजारो माणसे ढिगाऱ्याखाली गेली, सामुदायिक दहन करावे लागले. अशा प्रत्येक आपत्तीत ‘आता प्रेतांमुळे साथ येणार’ अशी आवई उठतेच. जागतिक आरोग्य संघटना आणि रेडक्रॉस यांनी २००६ साली या विषयावर जी पुस्तिका काढली, तिच्यात स्पष्ट सांगितले आहे की अपघाताने किंवा आपत्तीत गेलेल्या माणसांच्या प्रेतांपासून आसपासच्या जनतेला साथीचा धोका जवळजवळ नसतो. मात्र त्याच पुस्तिकेत पुढे असेही आहे की जो माणूस हाताने प्रेत हाताळतो, त्याला रक्तातून लागणाऱ्या रोगांचा धोका असतो. आपण नेमके उलटे वागतो. अंत्ययात्रा जाताना खिडक्या लावून घेतो आणि फुटलेल्या डोक्याचे मयत उघड्या हातांनी धरतो.

हे रोग मुख्यतः तीन. पहिला ब कावीळ, हिलाच कित्येक लोक पांढरी कावीळ म्हणतात. दुसरा क कावीळ. तिसरा एच.आय.व्ही., ज्याच्यामुळे पुढे एड्स होतो. तिन्ही रोगांचे विषाणू रक्तात असतात. शिवलेल्या प्रेताला नुसता हात लावल्याने, खांदा दिल्याने, पायावर डोके ठेवल्याने, सरणाजवळ उभे राहिल्याने ते लागत नाहीत. रक्त किंवा रक्तमिश्रित स्राव आपल्या अंगात शिरला तरच लागतात. शिरायला वाटाही मोजक्याच: टोचलेली सुई किंवा धारदार वस्तू, आधीपासून असलेली जखम, आणि डोळे, नाक, तोंड.

तिन्हींचा जोर सारखा नाही, आणि गंमत अशी की लोक ज्याला सर्वांत जास्त भितात तो यात सर्वांत दुबळा आहे. दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांना रुग्णाला वापरलेल्या सुया टोचल्या, त्यावरून हे हिशेब निघालेले आहेत. रुग्णाला ब कावीळ असेल आणि टोचलेल्या माणसाने लस घेतलेली नसेल, तर शंभरातल्या सहापासून तीस जणांपर्यंत रोग लागतो. क कावीळ असेल तर शंभरात दोनापेक्षाही कमी जणांना. एच.आय.व्ही. असेल तर हजारात तिघांना. म्हणजे एड्सच्या नावाने घाम फुटतो, पण खरी घात करणारी आहे ती ब कावीळ. तिचा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागातही निदान सात दिवस टिकतो. ओट्यावर वाळलेला डाग, चादरीचा कडक झालेला कोपरा, वैकुंठरथाच्या पत्र्यावरचा थेंब, सगळे त्यात आले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली आपल्या देशात सुमारे तीन कोटी लोकांच्या अंगात ब कावीळ आणि सुमारे पंचावन्न लाखांच्या अंगात क कावीळ होती. साध्या भाषेत, शंभर माणसांत दोघे. त्यांतल्या बहुतेकांना स्वतःलाही हे ठाऊक नसते. तब्येत धडधाकट असते, शेतात कामे चालू असतात. असा माणूस अपघातात गेला तर घरच्यांना काय माहीत असणार?

म्हणून एक गोष्ट पक्की धरायची. मयताला काय झाले होते, हे विचारून काळजी घ्यायची नाही. प्रत्येक मयताला सारखीच काळजी घ्यायची, मग तो नव्वद वर्षांचा म्हातारा असो नाही तर ऐन पंचविशीतला पोरगा. यात दोन फायदे आहेत. ज्याचा रोग कोणालाच माहीत नव्हता त्याच्यापासूनही बचाव होतो. आणि ज्या घराला रोगाचे नाव झाकून ठेवायचे आहे, त्या घराची अब्रू राहते. एड्सने गेला असे कळले म्हणून मयताला आंघोळ न घालणे, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून परस्पर स्मशानात नेणे, भाऊबंदांनी खांदा न देणे, हे प्रकार झालेले आहेत. त्याची काहीएक गरज नाही. हातमोजे घालून सर्व विधी रीतसर करता येतात.

मेल्यानंतर विषाणू मरतात, असे कोणी सांगेल. मरतात, पण लगेच नाही. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात थंड ठेवलेल्या प्रेतांमध्ये सोळा दिवसांनंतरही एच.आय.व्ही.चा जिवंत विषाणू सापडला. मुलगा पुण्या-मुंबईहून येईपर्यंत मयत बर्फाच्या पेटीत ठेवण्याची पद्धत आता खेड्यापाड्यांतून आली आहे. त्या थंडीत प्रेत टिकते, तसा विषाणूही टिकतो, एवढे ध्यानात असू द्यावे.

आपले हात आधी बघा

उसाचे पाते हाताला कशा चिरा पाडते हे सभासदाला सांगायला नको. तोडणीच्या दिवसांत, पाचट काढताना, खोडव्याच्या बुडख्या तासताना हात ओरबाडून निघतात. कोयत्याचा एखादा घावही बसलेला असतो. ‘एवढ्याशा चिरेनं काय होतंय?’ असे आपण म्हणतो. पण विषाणूला ती चीर म्हणजे उघडे दार आहे. आणि तिरडी बांधताना नवीन कळक फोडला की त्याची कूस बोटात गेलीच म्हणून समजा. ज्याने तिरडी बांधली त्यानेच लगेच मयताला आंघोळ घालायला पुढे होऊ नये. कामे वाटून घ्यावीत. ज्याचे हात धड आहेत त्याने मयताला हात लावावा, ज्याच्या हाताला जखम आहे त्याने पाणी आणावे, सरण रचावे. जखम असूनही पुढे व्हायचीच वेळ आली, थोरला मुलगा असला की येतेच, तर जखमेवर पाणी न शिरणारी चिकटपट्टी लावून वरून हातमोजे घालावेत.

हातमोजे कोणते? औषधाच्या दुकानात मिळणारे पातळ रबरी हातमोजे चालतात, पण कळकाने, बांगडीच्या काचेने ते फाटतात, म्हणून दोन जोड एकावर एक घालावेत. अपघाताचे मयत असेल तर भांडी घासण्याचे जाड रबरी हातमोजे बरे. फवारणीचे जुने हातमोजे वापरू नयेत, त्यांना औषध लागलेले असते. काहीच नसेल तर जाड प्लॅस्टिकची पिशवी हातावर बांधावी, उघड्या हातापेक्षा तीही चांगली. छातीपासून गुडघ्यापर्यंत प्लॅस्टिकचे इरले किंवा खताच्या गोणीतला आतला धुतलेला कागद बांधावा. पायात गमबूट असावेत, गमबूट तर घरोघर आहेत. आंघोळ घालताना पाणी उंचावरून ओतू नये. शिंतोडे डोळ्यांत जातात ते अशाच वेळी.

आंघोळ घालण्याच्या चाली निरनिराळ्या. आपल्या बहुतेक घरांत दारात पाट टाकून घालतात, मुसलमान बांधवांत गुसल देणारी माहितगार माणसे असतात, लिंगायत घरांत मयताला बसते करून समाधी देतात. चाल कोणतीही असो, उचलताना आणि कूस वळवताना तोंडा-नाकातून स्राव येतो, कधी श्वास सोडल्यासारखी हवा बाहेर पडते. म्हणून मयताच्या तोंडावर आधी ओला फडका टाकावा. क्षयाच्या रोग्याच्या बाबतीतही ही काळजी उपयोगी पडते. बाईमाणसाला आंघोळ बायकाच घालतात, तेव्हा घरातल्या भगिनींनी हा मजकूर वाचणे पुरुषांइतकेच गरजेचे आहे. बांगड्या, जोडवी, अंगठ्या ओढून काढू नयेत. साबणाचे पाणी लावून सोडवाव्यात. फुटलेली बांगडी चिमट्याने उचलावी. अंगावरच्या कपड्यात टाचण्या, पिना असतात, खिशात पाते असू शकते, म्हणून खिशात हात घालण्याऐवजी खिसा उलटा करावा. आणि नवे वस्त्र पिनेने टाचू नये, नाडीने बांधावे.

दवाखान्यातून आलेले मयत

खरा धोका इथे आहे. आजकाल बहुतेक माणसे दवाखान्यातून येतात. हाताला सलाईनची नळी, नाकात नळी, लघवीची पिशवी तशीच. घरी आणल्यावर कोणीतरी ती ओढून काढतो आणि भोकातून रक्त वाहू लागते. जिवंतपणी जसे भोक दाबून धरले की रक्त थांबते, तसे मेल्यावर होत नाही. ते झिरपत राहते. तेव्हा मयत ताब्यात घेतानाच नर्सबाईंना सांगावे, सगळ्या नळ्या काढून, तिथे घट्ट बोळा बांधून द्या. हे सांगण्यात लाज नाही आणि त्यांनाही यात नवे काही नाही. डायलिसिसवर असलेल्या माणसाच्या दंडावर किंवा मानेत नळीची जागा असते, आणि डायलिसिसच्या रुग्णांत ब व क कावीळ इतरांपेक्षा जास्त आढळते. तिथे विशेष जपावे. हृदयाला ठोके देणारे यंत्र, पेसमेकर, बसवलेले असेल तर तेही डॉक्टरांकडूनच काढून घ्यावे, कारण सरणावर त्याच्या बॅटरीचा स्फोट होतो. घरी ब्लेडने काढण्याचा उद्योग कोणी करू नये.

पोस्टमार्टेम झालेले मयत तर शिवलेलेच येते. टाक्यांमधून रक्त गळते. असे मयत सोडून पुन्हा आंघोळ घालण्याचा हट्ट धरू नये. तोंड, हात, पाय पुसून वरून पाणी शिंपडले तरी विधी पुरा होतो, कुणाही जाणत्या माणसाला विचारावे. गुंडाळलेले कापड भिजले असेल तर ते सोडण्याऐवजी त्यावरून प्लॅस्टिकचा कागद आणि मग नवे वस्त्र घालावे.

हंगामात रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या. रात्री मागचा दिवा नसतो, लाल पट्टी लावलेली नसते. अपघात झाला की पहिली धाव गावातल्या पोरांची. त्या गडबडीत जिवंत कोण, मयत कोण याचाही पत्ता नसतो. काचांचे तुकडे, मोडलेल्या हाडांची टोके, सगळे अंधारात. पोरांना थांबवता येत नाही आणि थांबवूही नये. पण ट्रॅक्टरच्या पेटीत पान्ह्यांबरोबर दोन जोड जाड हातमोजे ठेवायला कितीसा खर्च येतो?

डाग, पाणी आणि टी.सी.एल.

गावच्या पाण्यात टाकायची टी.सी.एल. पावडर ग्रामपंचायतीत असतेच. तीच इथे उपयोगी पडते. ताज्या पावडरीत शेकडा तेहतीसच्या आसपास क्लोरिन असते. एक लिटर पाण्यात तीस ग्रॅम, म्हणजे दहा लिटरच्या बादलीला तीनशे ग्रॅम, वजन करून घालावी. साका खाली बसू द्यावा आणि वरचे पाणी घ्यावे. रक्त सांडले असेल तिथे आधी जुना फडका टाकावा, त्यावर हे पाणी ओतून निदान दहा मिनिटे थांबावे, मग हातमोजे घालूनच पुसावे. वैकुंठरथाचा पत्रा, तिरडी ठेवलेली जागा, पाट, सगळे असेच धुवावे. पावडरीचे पोते उघडे राहिले की तिचा जोर उडून जातो. वास मेलेला असेल तर ती पावडर म्हणजे नुसता चुना. द्रावण रोजच्या रोज नवे करावे. आणि यात संडास धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नये, विषारी वायू निघतो. प्रेतावर हे पाणी ओतायची गरज नाही.

आंघोळीचे पाणी ओढ्यात किंवा पोरे खेळतात त्या गटारात सोडू नये, शोषखड्ड्यात जिरवावे. रक्त लागलेले कपडे जाळायचे असतील तर सरणावर जाऊ द्यावेत. ठेवायचे असतील तर या पाण्यात बुडवून मग साबणाने धुवावेत.

ज्यांचे नाव कुठल्याच यादीत नाही

ब कावीळीवर लस आहे. तीन डोस: आज, एक महिन्याने, आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी, दंडात. मधला डोस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला पुढे घ्यायचा. बाळांना ही लस २०११ पासून देशभर सरकारी कार्यक्रमात मिळू लागली. म्हणजे आज तिरडी धरणाऱ्या पिढीतल्या बहुतेकांनी ती घेतलेली नाही. क कावीळीवर लस नाही, पण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी शंभरातले पंचाण्णव बरे होतात आणि राष्ट्रीय कावीळ नियंत्रण कार्यक्रमात, जो २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला, तपासणी व औषध मोफत आहे.

गावातल्या प्रत्येकाने लस घ्यावी असा आमचा आग्रह नाही. वर्षातून एकदा खांदा देणाऱ्याला हातमोजे पुरेत. पण ज्याचा हा रोजचा धंदा आहे त्याला लस पाहिजेच. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत दवाखान्यांवर बंधन आहे की हा कचरा हाताळणाऱ्या सर्वांना ब कावीळ आणि धनुर्वाताची लस द्यावी. २०१७ चा एच.आय.व्ही. व एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यात तर दवाखान्यांबरोबर, जिथे कामावर असताना लागण होण्याचा ठळक धोका आहे अशा इतर आस्थापनांनीही कामगारांना बचावाची साधने, शिक्षण आणि लागणीनंतरचे औषध द्यावे असे म्हटले आहे. कागदावर हे चांगले आहे. परंतु ठेकेदाराच्या हजेरीवरचा सफाई कामगार, महिन्याच्या मानधनावरचा स्मशानातला माणूस, आणि वैकुंठरथाचा बदली ड्रायव्हर यांची नावे ना दवाखान्याच्या यादीत, ना पंचायतीच्या.

पोस्टमार्टेमच्या कामाची आणखी एक वाईट रीत आहे. ‘एवढी बाटली घे आणि लवकर उरक’ असे नातेवाईकच सांगतात. अंगात दारू, हातात सुरी आणि समोर उघडे प्रेत. हात सुटला की बोट कापलेच. आणि ब किंवा क कावीळ अंगात असलेल्या माणसाचे लिव्हर दारूने दुप्पट वेगाने सडते म्हटले तरी चालेल. त्या माणसाला बाटलीऐवजी हातमोज्यांची पेटी नेऊन द्यावी. वैकुंठरथ कारखान्याचा असो, पंचायतीचा असो की तरुण मंडळाचा, त्याच्या ड्रायव्हरचे आणि मदतनिसाचे तीन डोस मालकाने करून द्यावेत. वार्षिक सभेत दरावर तासन् तास बोलणे होते, या ठरावाला पाच मिनिटे पुरतील.

टोचलेच तर

बोट तोंडात घालून चोखू नये. पिळून रक्त काढू नये. हळद, चुना, टी.सी.एल., स्पिरिट, आयोडीन काहीही भरू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावे, बस्स. डोळ्यात शिंतोडा गेला तर स्वच्छ पाण्याने दहा-पंधरा मिनिटे धुवावा, साबण लावू नये.

मग सरळ सरकारी रुग्णालय गाठावे. अंत्यविधी उरकून जाऊ, सावडणे झाले की जाऊ, असे म्हणू नये. एच.आय.व्ही. टाळणारे औषध दोन तासांच्या आत सुरू झाले तर उत्तम. बहात्तर तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही. ते अठ्ठावीस दिवस घ्यावे लागते. ब कावीळीची लस घेतलेली नसेल तर लस आणि त्याबरोबरचे तयार प्रतिकारद्रव्याचे इंजेक्शन शक्यतो चोवीस तासांत मिळावे. मयताला काय होते हे डॉक्टर विचारतील, माहीत नसेल तर नाही म्हणून सांगावे, त्यावरून उपचार अडत नाही. रक्ताची तपासणी त्याच दिवशी करून घ्यावी. म्हणजे रोग कामावर लागला की आधीपासून होता याचा पुरावा राहतो, नुकसानभरपाईच्या वेळी तो कामी येतो. पुढच्या तपासण्या डॉक्टर सांगतील त्या तारखांना चुकवू नयेत. शंका असल्यास १०९७ हा सरकारी मोफत फोन आहे, मराठीतून बोलता येते आणि नाव सांगावे लागत नाही.

सावडण्याच्या दिवसाबद्दल पुष्कळजण विचारतात, म्हणून शेवटी तेही. सरणाच्या आगीत कुठलाच विषाणू शिल्लक राहत नाही. राख आणि अस्थी उघड्या हाताने गोळा करायला, नदीत किंवा शेतात झाडाच्या बुंध्याशी टाकायला रोगाची भीती नाही. फक्त ऑपरेशन झालेल्या माणसाच्या राखेत लोखंडी पट्ट्या आणि टोकदार स्क्रू निघतात, आणि सरणाचे निखारे आत दुसऱ्या दिवशीही धगधगत असतात. तेवढ्यासाठी चिमटा न्यावा.